वाघ दिसला का?

रविवारी संध्याकाळी भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या फाटकाशी थांबलं, की बाहेर पडणाऱ्या माणसांच्या तोंडून बागेबद्दल जे ऐकू येतं ते एकमेकांशी काही केल्या जुळत नाही. गोवंडीहून नवरा आणि दोन मुलांसह आलेली बाई म्हणते, दिवस मजेत गेला, शंभर रुपयांत चौघांना एवढं कुठे बघायला मिळतं? तिच्यामागून येणारे लालबागचे आजोबा नाराज आहेत. त्यांच्या लहानपणी इथे हत्तीवर बसवून फिरवत, सिंहाची डरकाळी रस्त्यापर्यंत ऐकू येई, आणि आता नुसत्या काचा न् पाट्या. सिंगापूर बघून आलेल्या एका तरुणाला ही बाग ‘ठीक’ वाटते. ते ‘ठीक’ ज्या सुरात येतं त्यातच त्याचा निकाल असतो. कॉलेजच्या दोन मुली ठामपणे सांगतात, पुन्हा येणार नाही, कोंडलेले प्राणी बघवत नाहीत. आणि माटुंग्याच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी प्राण्यांकडे पाहिलेलंच नाही. त्या उर्वशीच्या झाडाला बहर आलाय का ते बघायला आल्या होत्या.

एकच दिवस, एकच बाग, त्याच वाटा. या वर्षभरात मी बागेत वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी जाऊन लोकांशी बोलत राहिले, ते ही मतं इतकी कशी फाटतात हे समजून घ्यायला. माणसं बोलायला उत्सुक असतात. प्राणिसंग्रहालयाबद्दल मत नसलेला मुंबईकर मला तरी भेटला नाही. पण बोलता बोलता एक गोष्ट लख्ख दिसू लागली. बहुतेक जण आपापल्या दिवसाचा हिशेब सांगत होते. किती चालावं लागलं, रांग केवढी होती, मुलं रडली का, आणि सगळ्यात आधी, वाघ दिसला का. वाघाचा दिवस कसा गेला, हा प्रश्न क्वचितच कुणाच्या मनात येत होता. माझ्या मते प्राणिसंग्रहालयाची प्रत ठरवायची असेल तर सुरुवात त्या प्रश्नापासून व्हायला हवी; आणि तसं पाहिलं तर आपली निम्मी तक्रार ही बागेची कमाई ठरते, आणि निम्मं कौतुक काळजीचं कारण.

आधी बाग, मग प्राणी

राणीची बाग मुळात प्राण्यांसाठी उभी राहिलेली नाही, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिच्याबद्दलची भांडणं कळत नाहीत. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची वनस्पतींची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेल्यावर भायखळ्याला नवी बाग वसवली गेली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी उघडली. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची, म्हणून राणीची बाग. पुढे संस्था मोडकळीला आली आणि १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. प्राण्यांचा विस्तार त्यानंतरचा. १८९० च्या सुमारास शेजारची आणखी जमीन त्यासाठी जोडण्यात आली. आज नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. त्या नावातही वनस्पती आधी येतात. लोक मात्र म्हणतात राणीची बागच, आणि टॅक्सीवाल्यालाही तेच सांगावं लागतं.

त्यामुळे साधारण त्रेपन्न एकरांच्या या जागेत दोन संस्था एकमेकींच्या अंगावर बसून आहेत. एक दीडशे वर्षांहून जुनं वृक्षसंग्रहालय, दुसरं प्राणिसंग्रहालय. शेजारी तिसरी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याच्या अंगणात घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे, १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना जो फुटला आणि मग पुढे जोडला गेला. काळ्या घोड्यावरचे एडवर्ड राजेसाहेबही १९६५ मध्ये फोर्टातून उठून इथेच आले. शहराला जे टाकवत नव्हतं आणि मिरवायचंही नव्हतं, ते या आवारात आणून ठेवायची मुंबईची जुनी सवय दिसते.

जागा एवढी आणि दावेदार इतके, मग सिंगापूरशी तुलना करणाऱ्या तरुणाला काय सांगायचं? सिंगापूरचं प्राणिसंग्रहालय १९७३ मध्ये जलाशयाकाठच्या जंगलात, मुळापासून त्याच कामासाठी आखलेलं. तिथल्या एका माणसाच्या तिकिटात भायखळ्याला अख्खी चाळ जाऊन येईल. ही तुलना करू नये असं मी म्हणत नाही. चांगलं पाहिलेल्या माणसाची तक्रार ऐकावी. पण ती ऐकताना जुन्या वडाच्या मुळांना धक्का न लावता पिंजरा मोठा कसा करायचा, हे भायखळ्याचं कोडं तिथे कुणाला पडलेलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवावं.

पाचाचे पन्नास

२०१७ च्या ऑगस्टपर्यंत राणीच्या बागेचं तिकीट मोठ्यांना ५ रुपये आणि मुलांना २ रुपये होतं. त्या महिन्यापासून ते ५० आणि २५ झालं. नवरा-बायको आणि दोन मुलं अशा कुटुंबाला १०० रुपये. त्यावरून वाद पेटला, महापालिकेत आणि बाहेरही. रोज सकाळी चालायला येणाऱ्यांना महिन्याचा १५० रुपयांचा पास घ्यावा लागणार होता, तेही संतापले.

याबद्दल लोकांची मतं विचारली तर ती खिशाप्रमाणे फाटतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. ज्यांना शंभर रुपये जड आहेत, तेच सगळ्यात कमी कुरकुर करतात. ते सकाळी येतात, डबा आणतात, जेवायला सावली शोधतात, मुलांना एकेका जाळीपाशी मनसोक्त उभं राहू देतात आणि फाटक बंद व्हायच्या वेळेला निघतात. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला मोठ्या झाडाखाली पाय पसरून बसायला मिळणं, ही या शहरात लहान गोष्ट नाही. अशा कुटुंबांच्या लेखी प्राणी हे त्या दिवसाचं निमित्त असतं. उलट ज्यांना शंभर रुपयांचं काही वाटत नाही, ते तासाभरात बाग उरकतात आणि ‘बघण्यासारखं फार नाही’ म्हणून निघतात.

पाच रुपयांचं तिकीट ठेवून प्राण्यांना चांगलं ठेवता येत नाही, हा युक्तिवाद मला पुरा पटत नाही. महापालिकेची बाग तिकिटावर चालत नाही, करावर चालते, आणि तो कर गोवंडीही भरते. मुंबईतल्या मुलाला समुद्र फुकट बघायला मिळतो. झाड, पक्षी आणि हरिण बघायला दहापट पैसे मोजावे लागू नयेत असं मला मनापासून वाटतं.

काचेपलीकडचे सात

आणि ती दहापट वाढ आली पेंग्विनच्या पाठोपाठ. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. ऑक्टोबरात त्यांतली डोरी नावाची मादी दगावली. मार्च २०१७ मध्ये उरलेल्या सातांचं दालन लोकांसाठी उघडलं, आणि राणीच्या बागेने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती अशी गर्दी लोटली. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिलं पिल्लू जन्मलं, आठवड्याभरात गेलं. पुढे मात्र पिल्लं जगली, वाढली, आणि आता तिथे सातांचे दुपटीहून जास्त झाले आहेत.

पेंग्विनबद्दल शहराचे सरळ दोन तट आहेत. एकाला हा निव्वळ मिरवण्याचा सोस वाटतो. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटींची निविदा निघाली, तेव्हा हा तट पुन्हा उसळला. दुसरा म्हणतो, पेंग्विन आले म्हणून तर बागेत जीव आला, माणसं परत यायला लागली.

दोन्हींकडचे गैरसमज आधी दूर करायला हवेत. हम्बोल्ट पेंग्विन दक्षिण ध्रुवावरचा नाही. तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतो, कोरड्या, उघड्या कड्यांवर बिळं करून. तिथे उन्हाळाही असतो. थंड असतो तो समुद्राचा प्रवाह. दालनात हवा १६ ते १८ अंशांवर ठेवतात ती मुंबईच्या दमट उकाड्यापासून वाचवायला. तेव्हा ‘बर्फातला पक्षी उन्हात आणून मारला’ हे बरोबर नाही. पण म्हणून तो मुंबईत हवा होता, असंही ठरत नाही.

दालनात एकदा मी बराच वेळ एका कोपऱ्यात थांबले. पाण्यात सहा-सात पेंग्विन सुळसुळत होते, काचेला मुलांचे तळवे चिकटलेले. एक मात्र खडकावर एकटा उभा. अंगावरची पिसं जागोजागी विस्कटलेली, मानेपाशी झुबके लोंबत होते, खाली नवा गर्द रंग डोकावत होता, आणि पंख अंगापासून जरा दूर धरलेले. रांगेतून जाणारी माणसं त्याच्याकडे बोट दाखवत होती. ‘आजारी दिसतोय.’ ‘काळजी घेत नाहीत हे लोक.’ एकीने मोबाइलवर त्याचंच चित्रण केलं. त्या पक्ष्याला काहीही झालेलं नव्हतं. पेंग्विन वर्षातून एकदा सगळीच्या सगळी पिसं एकदम टाकतो. नवी पिसं पुरी येईपर्यंत अंग पाण्याला तोंड देऊ शकत नाही, म्हणून तो दोन-तीन आठवडे पाण्यात उतरत नाही, खातही नाही, आधी साठवलेल्या चरबीवर उभा राहतो. रांग पुढे सरकत होती, आणि ‘आजारी पेंग्विन ठेवलाय’ हे मत बरोबर घेऊन माणसं बाहेर पडत होती. तिथे एक माणूस उभा राहून चार वाक्यं मराठीत आणि हिंदीत सांगत असता, तर तोच पक्षी त्या दालनातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट ठरला असता.

माझं मत विचाराल तर पेंग्विन आणायला नको होते. ज्या शहराच्या उत्तर टोकाला जंगलात बिबटे राहतात, ज्याच्या खारफुटीत कोल्हे आहेत, ज्याच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्या शहराच्या मुलांना आधी आपले शेजारी ओळखू यावेत. तो खर्च तिथे व्हायला हवा होता. पण आता ते आहेत, इथेच जन्मलेलेही आहेत. आणल्यानंतर त्यांची निगा राखणाऱ्या डॉक्टरांनी आणि कर्मचाऱ्यांनी पिल्लं जगवून दाखवली, हे त्यांचं श्रेय आहे आणि ते त्यांना मिळायला हवं.

येरझाऱ्या

आता मूळ प्रश्न, वाघ दिसला का.

सुमारे दीड दशक बागेत वाघ नव्हता. २०२० च्या फेब्रुवारीत औरंगाबादच्या, आता छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली. त्याच सुमारास बिबट्या, तरस, अस्वल यांची नवी घरं आणि माणसांना आत चालत जाता येईल असा मोठा पक्षीविहार उघडला. जुन्या लोखंडी गजांच्या जागी झाडोरा, पाण्याचं टाकं, बसायला ओटे, आणि समोर जाड काच.

आणि तेव्हापासून लोकांची एक तक्रार सतत कानावर येते. पूर्वीच्या पिंजऱ्यात प्राणी समोर दिसायचा, आता शोधावा लागतो. ‘दहा मिनिटं उभे होतो, शेपटीसुद्धा दिसली नाही.’ ‘झोपलाय नुसता.’ ‘एवढं मोठं केलंय कशाला, दिसत तर काही नाही.’

बाग उघडी असते सकाळी साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत. वाघ, बिबट्या, तरस ही सगळी पहाटे, सांजेला आणि रात्री हिंडणारी जनावरं. सिंह तर दिवसाचे वीस-वीस तास पडून काढतो. म्हणजे आपण बरोबर त्यांच्या झोपेच्या वेळी तिकीट काढून जातो आणि झोपले म्हणून नाराज होतो. शिवाय मार्जारकुळातल्या प्राण्याला आपल्याकडे कुणी टक लावून बघतंय हे सहन होत नाही. नजरेआड जाता येणं ही त्याची अन्नपाण्याच्या जोडीची गरज आहे. ज्या घरात त्याला लपायला जागा आहे, तिथे तो लपेल. जिथे तो कायम समोरच दिसतो, तिथे बहुतेक वेळा त्याला दुसरीकडे जायला जागाच ठेवलेली नसते.

याच्या उलट दृश्य कुठल्याही शहरातल्या प्राणिसंग्रहालयात दिसू शकतं. एखादं अस्वल किंवा वाघ काचेच्या किंवा जाळीच्या कडेकडेने चालतो. टोकाला जातो, मान एका ठरावीक तऱ्हेने वळवतो, परत येतो. तीच पावलं, तेच वळण. जमिनीवर त्या वाटेचा पट्टा पडलेला असतो, तिथे गवत उगवत नाही. समोर गर्दी खूश. ‘बघ, बघ, फिरतोय कसा!’ मुलं त्याच्याबरोबर इकडून तिकडे धावतात. चित्रणं होतात. खाण्याची वेळ जवळ आली की थोड्या येरझाऱ्या कुठलंही जनावर घालतं, त्यात काळजीचं काही नाही. पण तासन्‌तास, दिवसेंदिवस तेच चाललं असेल, तर ती कोंडलेपणाची ओळखीची खूण आहे. हत्ती उभ्या जागी डोलतो, माकड आपलेच केस उपटतं, अस्वल डोकं हलवत राहतं, हे सगळं त्याच जातीचं.

म्हणून मला त्या दोन कॉलेजच्या मुलींशी पुन्हा बोलावंसं वाटलं. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते वाटणं खरं होतं. पण त्यांना वाईट वाटलं ते कोपऱ्यात निजलेल्या बिबट्याचं. तो उदास पडलाय, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, तो कूस बदलत होता का, पाय वर करून पडला होता का? हो, पोट वर करून झोपला होता. त्या जनावराने गर्दीच्या आवाजात पोट उघडं टाकून झोपावं, म्हणजे त्याला तिथे धोका वाटत नव्हता. त्यांच्यातल्या एकीचं मत बदललं, दुसरीचं नाही. दुसरी म्हणाली, सुखात असला तरी कोंडलेलाच ना? या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नाही, आणि ते उडवून लावणाऱ्यांपैकी मी नाही.

प्राण्याचा वेळ जावा, त्याने शोधावं, हुंगावं, डोकं चालवावं यासाठी जे काही केलं जातं, ते प्रेक्षकांना बहुधा दिसतच नाही. खाणं एका जागी न ठेवता लपवून ठेवायचं, नवे वास सोडायचे, चढायला ओंडके, खाजवायला खोड, उन्हाळ्यात फळं घालून गोठवलेले बर्फाचे गोळे. अस्वलाला असा गोळा मिळाला की ते पंजांत धरून, पालथं-उताणं होऊन अर्धा-अर्धा तास त्याच्याशी झुंजतं. या कामाला पैसा कमी लागतो आणि माणूस जास्त लागतो; रोज नवीन काही सुचणारा, त्या एका जनावराची खोड माहीत असलेला माणूस. प्राणिसंग्रहालयाची खरी प्रत अशा माणसांच्या संख्येवर ठरते. तिकीट काढणाऱ्याला ती संख्या कुठेच वाचायला मिळत नाही.

अनारकली आणि लक्ष्मी

काही प्रश्नांना मात्र दोन बाजू नाहीत. अनारकली आणि लक्ष्मी या दोन हत्तिणी मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी पाहिल्या. लालबागच्या आजोबांना जी हत्तीवरची सैर आठवते, ती त्यांच्याही आधीच्या हत्तींची. हत्तीण आयुष्यभर आई, मावश्या, बहिणी, नाती यांच्या कळपात राहते, दिवसाकाठी मैलोन्‌मैल चालते. शहरातल्या बागेत तिला ना कळप देता येतो ना चाल. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ च्या नोव्हेंबरातच ठरवलं होतं, की प्राणिसंग्रहालयांतले हत्ती जंगल खात्याच्या छावण्यांत आणि तशा मोकळ्या जागी हलवावेत. हे प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झालं. त्याआधी आपल्याकडे प्राणी कसे ठेवावेत याला देशभर लागू होणारा मापदंडच नव्हता, ज्याला जसं सुचेल तसं चालायचं.

आजोबांची आठवण मला प्रिय आहे. त्या आठवणीतलं मूल हत्तीच्या पाठीवर बसून जगातलं सगळ्यात उंच मूल झालं होतं. पण त्या हत्तीच्या पायात साखळी होती, आणि ‘आमच्या वेळची बाग’ चांगली होती असं म्हणताना ती साखळी हिशेबात धरायला हवी. तेव्हा प्राणी जास्त होते, जवळ होते, आणि पिंजरे लहान होते. तिन्ही एकत्रच येतं.

झाडांच्या बाजूने

माटुंग्याच्या शिक्षिकाबाईंकडे वळते. त्यांच्यासारखी माणसं संख्येने थोडी, पण बाग त्यांनीच वाचवली आहे. २००७ च्या सुमारास महापालिकेने बागेला आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय बनवायची शेकडो कोटींची योजना पुढे आणली. त्या आराखड्यात झाडांचं काय होणार हे बघून काही नागरिक, मुख्यतः स्त्रिया, उभ्या राहिल्या. त्यातून ‘सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन’ तयार झालं. त्यांनी बागेतली झाडं एकेक करून मोजली, ओळखली, नोंदवली. तीन हजारांहून जास्त झाडं, अडीचशेहून जास्त जाती. त्या नोंदींमुळे वारसा समितीपुढे बोलायला आधार मिळाला, आणि मूळ योजना तशीच्या तशी पुढे गेली नाही. गोरखचिंचेचा तो अजस्र बुंधा, खोडावरच फुलं लगडणारा कैलासपती, मूळची ब्रह्मदेशातली उर्वशी, सीतेचा अशोक हे सगळं आज उभं आहे त्यामागे ही चिवट मोजणी आहे.

वाघ बघायला आलेली गर्दी या झाडांच्या सावलीतून चालते. मे महिन्यात बाहेरच्या डांबरी रस्त्यावरून फाटकात शिरताच उकाडा कमी झालेला अंगाला कळतो. पण बागेची प्रत विचारली की सावली कुणीच मोजत नाही, झाड हे आपल्याला ‘बघायची’ गोष्टच वाटत नाही. शिक्षिकाबाईंना त्या दिवशी उर्वशीचा बहर मिळाला नाही. आठवडाभराने पुन्हा येईन म्हणाल्या, आणि बागेबद्दल काहीही वाईट न बोलता त्या निघाल्या.

कात्रजकडे एक नजर

पुण्याने हे कोडं वेगळ्या तऱ्हेने सोडवलं. सारसबागेजवळचं पेशवे पार्क लहानसं, शहराच्या ऐन पोटात. ‘फुलराणी’ तिथे १९५६ पासून धावते. तिथले प्राणी १९९९ च्या सुमारास कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले, सुमारे १३० एकरांच्या जागेत, तळ्याच्या काठी. गजांऐवजी खंदक. ही कल्पना जर्मनीत हॅम्बुर्गला कार्ल हागेनबेकने १९०७ मध्ये रुजवली होती. प्राण्यांना मोकळीक मिळाली. माणसांची तक्रार सुरू झाली की फार चालावं लागतं, प्राणी लांब दिसतात. जुने पुणेकर अजूनही पेशवे पार्कातला वाघ किती जवळ होता ते सांगतात. भायखळ्याचे आजोबा आणि हे पुणेकर एकमेकांना भेटले तर त्यांचं चांगलं जमेल.

आपण कसे आहोत

लोक बागेबद्दल बोलतात, तसं बागेने लोकांबद्दल बोलायचं ठरवलं तर? काचेवर टकटक, ‘ए वाघ्या’ म्हणून आरोळ्या, माकडाला वेफर्सचं पाकीट, मगर हलावी म्हणून बाटली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमाखाली प्राणिसंग्रहालयात प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं हे सगळे गुन्हे आहेत. ते कलम मला भेटलेल्या लोकांपैकी कुणालाही माहीत नव्हतं. पण मूल काचेवर बुक्क्या मारत असताना त्याचा हात धरणारी आईसुद्धा मी पुष्कळदा पाहिली, आणि ती प्रत्येक वेळी महागड्या कपड्यांतली नव्हती.

मला वाटतं, दर बुधवारी बाग बंद असते तो दिवस प्राण्यांच्या दृष्टीने आठवड्यातला सगळ्यात चांगला असणार. असा एखादा दिवस अजून द्यायला हरकत नाही. आणि गर्दीच्या दिवशी प्रत्येक मोठ्या प्राण्यापुढे बोलणारा एकेक माणूस हवा. पाट्या आहेत, पण पाटीवर वजन, आयुर्मान आणि शास्त्रीय नाव असतं. हा लपलाय तो का, ही फेऱ्या का घालतेय, याचं नाव काय, हा आला कुठून आणि रात्री झोपतो कुठे, हे पाटी सांगत नाही. लोकांना नेमकं तेच ऐकायचं असतं.

तसा माणूस उभा केला तर काय होतं ते मला एका शनिवारी बघायला मिळालं, कुणी उभा केलेला नसताना. बिबट्याच्या काचेसमोर बरीच माणसं जमली होती. बिबट्या आत कुठेतरी, दिसत नव्हता. लोक वैतागून पुढे निघाले होते. तेवढ्यात आरेच्या पाड्यावरून आलेली एक बाई बहिणीच्या मुलांना सांगायला लागली, की तो तिथे त्या खोडामागे असणार, कारण दुपारी तो वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसतो. त्यांच्या पाड्याशी येतो तो कुत्र्यांसाठी येतो, माणसांसाठी नाही. कचरा साठला की कुत्री वाढतात आणि कुत्री वाढली की तो जवळ येतो. मुलांच्या मागे मोठी माणसं थांबली. त्यांच्या मागे आणखी. कुणीतरी विचारलं, मग रात्री बाहेर कसं पडता? ती म्हणाली, टॉर्च घ्यायचा, मोठ्याने बोलत जायचं, पोरांना एकटं सोडायचं नाही. दुसऱ्याने विचारलं, आणि समोर आलाच तर? वाकायचं नाही, पळायचं नाही, त्याला जायला वाट द्यायची. तिचा नवरा पुढे जाऊन दोनदा हाका मारून आला, पण प्रश्न संपत नव्हते. ठाण्याच्या एका गृहस्थांना तर त्यांच्या सोसायटीच्या मागे दिसलेल्या पंजाच्या ठशांचा फोटो तिला दाखवायचा होता. तिने तो मोबाइल हातात घेतला, बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाली, ‘नखं उमटलीत बघा. हा कुत्रा आहे.’